थेंब सुकेपर्यंत

"आधी पाणी, आई. टाकी निम्मी भरू दे, पाणी गोड करून घे, मग औषध सोड. औषधावर पाणी ओतायचं नाही."

हा चेलनाचा आवाज. द्राक्षबागेच्या फवारणीची मोटर चालू असायची, म्हणून ती ओरडून सांगायची आणि ओरडताना मानेची शीर ताठ व्हायची. पाणी गोड करायचं म्हणजे साखर घालायची नाही. आमच्या विहिरीचं पाणी जड, मचूळ. त्यात लिंबूसत्त्व घालून, रंगाची पट्टी बुडवून, खारेपणा उतरला की नाही ते बघायचं. एकदा मी घाईत उलटं केलं. औषध तळाला आणि वरून पाणी. टाकीत पांढऱ्या गुठळ्या तरंगायला लागल्या. औषध फाटलं. चेलना टाकीच्या कठड्याला धरून हसत सुटली. "आई, दही लावलंस की गं! आता ताक कर आणि दे सगळ्या बागेला!"

ती टाकी अजून आहे. चेलना आहे, पण आमच्याकडे नाही.

शेतकी कॉलेजात बरोबर शिकणाऱ्या मुलाशी तिनं लग्न केलं. मुलगा चांगला होता, पण आपल्यातला नव्हता. ह्यांनी बस्तीच्या पायरीवर, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या दारात, चार माणसांसमोर सांगितलं की या घरात तिचं नाव निघणार नाही. नेमगोंडा पाटलांनी एकदा बोललेलं गावात कुणी परत बोलून दाखवत नाही. मीही नाही. ती कुठल्या गावात राहते, तेही मला कळू दिलं गेलं नाही. नाव मी तोंडानं घेतलं नाही. पण सकाळी दर्शनाला गेले की डोळे मिटल्यावर आधी तीच दिसायची आणि मग भगवंत. त्याबद्दल मी रोज क्षमा मागायची आणि रोज तसंच व्हायचं.

पानांवरचे थेंब तपासणाऱ्या ठसा केंद्रात मी कशी गेले ते सांगायला हवं.

टाकीत औषध असतं चिमूटभर, बाकी सगळं पाणीच. तरी इतकी वर्षं सगळे औषधाचंच बोलायचे, पाण्याकडे कुणी बघायचं नाही. चेलना बघायची. ती म्हणायची, थेंबाला एक ताणलेली कातडी असते असं समज. द्राक्षाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. त्या मेणावर नुसत्या पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो आणि घरंगळून मातीत जातो. औषधही मातीत जातं. म्हणून पसरवणारं द्रव्य घालायचं. त्यानं कातडी सैल होते, थेंब पानावर अंथरूण पसरावं तसा पसरतो. पण पाणी जड असलं की त्यातला चुना आणि मॅग्नेशियम त्या द्रव्यालाच धरून बसतात. थेंब पुन्हा उभा राहतो. खारं पाणी तर कधीकधी औषध टाकीतच मोडून टाकतं. मग माणसाला वाटतं, औषध कमी पडलं. तो दुप्पट घालतो. थेंब नीट पसरला तर थोडक्यात भागतं, असं तिचं म्हणणं होतं. "जेवढं कमी मारू तेवढे कमी जीव जातील, आई. तुझ्या व्रतात हे बसतं की नाही?" मी म्हणायची, बसतं बाई.

पुढे जो शोध लागला तो याच थेंबाचा. धुतलेलं ताट न पुसता ठेवलं तर थेंब वाळून त्यावर पांढरा गोल डाग पडतो, हे प्रत्येक बाईला ठाऊक आहे. थेंबाचा काठ आधी सुकतो. ती तूट भरायला आतलं पाणी काठाकडे धावतं आणि जाताना क्षार ओढून नेतं. म्हणून डागाला कडं पडतं. हे कडं किती जाड, त्यात स्फटिक सुईसारखे की पाकळीसारखे, मध्यभाग कोरा की धुरकट, हे सगळं पाण्यावर ठरतं. आणि पाणी ठरतं खडकावर, खोलीवर, आजूबाजूच्या मातीवर. कुठल्याही दोन विहिरींचं कडं सारखं पडत नाही. हे कळल्यावर पानावरचा वाळलेला थेंब उजेडात धरून विहीर ओळखणारं यंत्र निघालं. त्याला आम्ही ठसेवाचक म्हणतो.

परदेशात द्राक्षं घेणाऱ्यांना तर हेच हवं होतं. घडावर कुठलं पाणी पडलं ते आता लपेना. राज्यातल्या सगळ्या विहिरींचे ठसे एका भांडारात गेले. फवारणीसाठी बागांना नळानं एकसारखं पाणी मिळू लागलं, खारेपणा काढलेलं, तोललेलं. आम्ही त्याला समजल म्हणतो. फवारणीच्या गाड्या आपल्या आपण चालू लागल्या. पाणी बिघडलं की गाडी जागेवर उभी राहायची, हलायचीच नाही. ओढ्यातलं साखर कारखान्याच्या मळीचं पाणी चोरून उपसणारे पकडले गेले. गावात नवीच थट्टा सुरू झाली. सासवा म्हणायच्या, आता सून कुठल्या आडावर किती वेळ उभी होती तेही कळेल.

आमच्या गावच्या जुन्या शाळेत केंद्र आलं तेव्हा डॉक्टर ओहोळ मॅडमनी गावातल्याच बायका घेतल्या. त्यांचं म्हणणं, ताटावरचे डाग बघायची नजर बायकांना आधीच असते. मी अर्ज केला तेव्हा हे म्हणाले, "या वयात नोकरी?" मी म्हटलं, "दुपारचं घर खायला उठतं."

आमच्या केंद्रात आमच्या भागातली पानं येत नाहीत, ओळखीची भीड नको म्हणून. दुसऱ्या जिल्ह्यांतली येतात. डब्यावर नुसता एक अंक असतो. पडद्यावर बोट ठेवलं की बाग कुणाची ते उघडतं. पण शेरा लिहायच्या आधी कुणी ते उघडायचं नाही, अशी शपथ पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचायला लावली होती. बाकीच्यांनी ती वाचली आणि चहाला गेल्या. मी हात जोडून वाचली. मला नेम आणि शपथ यांत फरक करता येत नाही.

ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी माझ्या शेजारी शबाना मुजावर होती. बारीक, चुणचुणीत, सारखी बोलणारी. मी पानं मांडायची, ती यंत्र चालवायची. एका डब्यातली पानं एकामागून एक गेली. सगळी समजलाची, कडं बारीक आणि साफ. मग एक पान आलं आणि यंत्रानं घंटी दिली.

"हे बघा काकू, एकाच वेलीवर वेगळं पाणी," शबाना म्हणाली. "आणि मधे हे काय? केस?"

मी भिंगातून पाहिलं. केस नव्हता. सुताचा धागा होता, पांढरा, पीळ सुटलेला. थेंब सुकताना त्याच्याभोवती क्षार गोळा झाले होते.

मी भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

फवारणीचं पाणी आता कुणी कापडातून गाळत नाही. पोलादी जाळ्या आहेत. आमच्या घरात मात्र पाणी दुहेरी सुती फडक्यातून गाळल्याशिवाय कशालाच वापरत नाहीत, औषधालासुद्धा नाही. फडक्यात जे राहतं ते त्याच विहिरीत परत सोडायचं, कारण ते जीव त्या पाण्यातले. यावरून माझी किती टिंगल झाली असेल. "औषध मारून किडे मारायचे आणि पाण्यातले जीव वाचवायचे, काय हिशोब आहे पाटलीणबाईंचा!" मी म्हणायची, जेवढे वाचतात तेवढे वाचवावेत. चेलनाही माझ्यावर हसायची, पण गाळायची. छाटणीनंतर पानं फुटली की बागेतल्या पहिल्या वेलीला पहिला हात, म्हणजे पहिली फवारणी, यंत्राची गन न लावता हातपंपानं द्यायचा, घरच्या विहिरीच्या गाळलेल्या पाण्यानं, आणि तो घरच्या मुलीनं द्यायचा, ही आमच्या घरातली रीत. ती लहान होती तेव्हापासून तो हात तिचाच.

शबानानं ठसा भांडाराशी ताडला. पडद्यावर नाव उमटलं. ती खुर्चीतून अर्धी उठली.

"काकू, ही तर तुमची विहीर!"

आवाज ऐकून ओहोळ मॅडम आत आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्याच, पण कपाळाला कायम आठी. त्यांनी पडदा पाहिला, पान पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"पाटील काकू, तुमच्या विहिरीचं पाणी दुसऱ्या जिल्ह्यात कसं?"

"मला ठाऊक नाही, मॅडम." हे खरं होतं.

"नियम तुम्हाला माहीत आहे. परकं पाणी निघालं तर एक वेल काय आणि शंभर काय. बाग तीन हंगाम बंद." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "शेऱ्याला आठवडा आहे. तोवर पाणी तिथं कसं गेलं ते कळलं तर बघू. नाही कळलं तर मला लिहावंच लागेल."

त्या गेल्या. शबाना माझ्याकडे बघत होती. गाव लहान असतं. चेलनाचं तिला माहीत होतंच.

"काकू," ती हळू म्हणाली, "एक बोट ठेवायचं नुसतं. नाव, गाव, फोन, सगळं उघडेल. मी तिकडं तोंड करते."

"नको."

"कोण बघतंय?"

"शपथ घेतलीय गं."

"अल्ला! शपथ मीपण घेतली होती की. तुमची लेक आहे ती. इतकी वर्षं झुरताय, मला दिसत नाही का?"

मी हात पदराखाली घेतले. खोटं कशाला सांगू, बोट उचललं गेलं होतं. पडदा हातभर अंतरावर होता आणि त्याच्या मागे माझं लेकरू कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी बागेत उभं होतं. पण मी ते उघडलं असतं तर डबा बाद झाला असता आणि बाद डब्याची बागही बंदच होते. मला तिचा पत्ता मिळाला असता, आणि तिची बाग माझ्याच हातानं गेली असती. आणि ते नसतं तरी, शपथ शपथच होती.

"पुढचं पान लाव," मी म्हटलं.

संध्याकाळी सूर्य असतानाच आम्ही जेवतो. मावळल्यावर अन्न-पाणी घ्यायचं नाही हा माझा लहानपणापासूनचा नेम. जेवताना मी बोलत नाही, त्यामुळे जेवण उरकेपर्यंत मला थांबावं लागलं. ह्यांनी हात धुतले, ओसरीवर येऊन बसले. मीही जवळ बसले.

"आपल्या विहिरीचं पाणी बाहेर कोण नेतं?"

"कोण नेणार? मोटर नेते बागेत."

"लांब, अहो. दुसऱ्या जिल्ह्यात."

ते हात पुसत होते. हात कोरडे झाले तरी पुसतच राहिले.

"तुला कुणी सांगितलं?"

"पानानं सांगितलं." मग मी त्यांना सगळं सांगितलं. धागा, घंटी, आठवडा, तीन हंगाम.

ऐकताना त्यांचा चेहरा खाली खाली जात होता. समोरच्या लिंबावर चिमण्या कलकलाट करत होत्या.

"नारायणगावाहून रिकामे क्रेट घेऊन एक टेम्पो येतो-जातो," ते म्हणाले. "परत जाताना त्याच्याबरोबर एक डबा देतो. वर्षातनं एकदा. छाटणीच्या टायमाला."

"कोण देतं?"

"गडी द्यायचा पहिल्यांदा. तिनं त्याला निरोप धाडला होता, मला नाही. पहिल्या हाताला घरचं पाणी लागतं, तेवढं चोरून द्या म्हणून. त्यो बिचारा घाबरून माझ्याकडं आला. म्हणाला, मालक, देऊ का नको? आता पाणी मागितल्यावर नाही म्हणता येतं का गं माणसाला? दारात आलेल्या वैऱ्यालासुद्धा पाणी देतो आपण."

"मग?"

"मग काय! तो नीट गाळंना. कसंबी फडकं धरायचा. म्हणून मीच शेंदायला लागलो. अजून तिला वाटतंय गडीच देतोय."

ज्या माणसानं घरातून नाव काढून टाकलं, तो दरवर्षी विहिरीवर वाकून तिच्यासाठी पाणी गाळत होता. आणि मी माझं फडकं कुणी ओलं केलं म्हणून गड्याला बोलत होते.

"मला एक शब्द सांगितला नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू डब्याबरोबर गेली असतीस."

"गेलेच असते."

"परत आली असतीस?"

ते उत्तरासाठी विचारत नव्हते.

"डबा रिकामा यायचा नाही," ते म्हणाले. "बेदाणे असायचे त्यात. पुरचुंडीत बांधलेले."

"काळे?"

"काळे."

मी उठून आत गेले. फडताळातली बरणी उघडली. आमच्याकडे सगळे पिवळे, हिरवे बेदाणे. हे काळे कुठले म्हणून मी एकदा विचारलं होतं, तेव्हा हे म्हणाले होते तासगावच्या सौद्यातले. मला ते आवडायचे. दर चतुर्दशीला पूजेच्या ताटात बदामाशेजारी मी तेच ठेवायची. माझ्या लेकीचं पीक मी तिला न ओळखता भगवंतापुढे ठेवत होते. बरणी पोटाशी धरून मी तशीच उभी राहिले. बाहेरून हे म्हणाले, "तिची बाग जाईल का गं?" त्या आवाजात पाटील नव्हता, नुसता बाप होता.

दुसऱ्या दिवशी मी ओहोळ मॅडमसमोर बसून सगळं सांगितलं. नातंही सांगितलं. म्हटलं, या डब्यावरून मला काढा, माझ्या हातून शेरा नको.

"काढते," त्या म्हणाल्या. "पण त्यानं बाग वाचत नाही. तुम्ही सांगता ते मला पटतं, पण पटणं लिहिता येत नाही. उद्या दहा जण म्हणतील, आमच्याकडंही घरची रीत आहे."

"मग?"

"एक वाट आहे. समोरासमोर ताडून बघायचं." त्यांनी कागदावर एक वेल काढली, शाळेत काढतात तशी. "विहिरीच्या मालकानं स्वतः पाणी घेऊन बागेत जायचं. बागवाल्यानं, म्हणजे तुमच्या मुलीनं, आपणहून वेल दाखवायची, पाणी कुठलं ते सांगायचं आणि आमच्यासमोर त्याच हातानं फवारायचं. थेंब पानावर सुकला की ठसा घ्यायचा. जुन्या ठशाशी तो जुळला आणि बाकीची बाग स्वच्छ निघाली तर ती रीत म्हणून मान्य होते. बाग सुटते."

"विहीर आम्हा दोघांच्या नावावर आहे," मी म्हटलं.

"माहीत आहे. बघितलं मी." त्यांच्या कपाळाची आठी जरा सैल झाली, मग पुन्हा घट्ट झाली. "पण ऐका काकू. पूर्वी लोकांनी यात एकमेकांना पढवलं. म्हणून आता अट आहे. पाणी आणणाऱ्यानं बागेत पाय ठेवल्यापासून ठसा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. खूण नाही. मान हलवायची नाही. रडायचंसुद्धा नाही, कारण त्याचाही कुणी अर्थ काढेल. मोडलं तर ताडणी रद्द. दुसरी संधी नाही."

"तिला सांगाल का, की मी येणार?"

"नाही. विहिरीचा मालक येणार, एवढंच सांगता येतं."

इतक्या वर्षांनी माझी लेक माझ्यासमोर उभी राहणार, आणि मी दगडासारखी बघणार. तिला काय वाटेल? आई आली ती साक्षीला आली, तोंड फिरवून उभी राहिली, असंच ना?

"जमेल तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"मी रोज जेवताना मौन पाळते."

"हे जेवण नाही, काकू."

"होय."

"आणि अजून एक. समजलाचा थेंब चटकन सुकतो. तुमच्या विहिरीत मॅग्नेशियमचे क्षार जास्त आहेत, ते ओल धरून ठेवतात. हवेतलीसुद्धा ओढून घेतात. वरून हवा गार असली तर तासभरही लागेल. अगदी कडं उमटेपर्यंत थांबावं लागेल."

आमच्या विहिरीला मी जन्मात पहिल्यांदा मनातून बोल लावला. दुसऱ्याच क्षणी वाटलं, तासभर तर तासभर. तेवढा वेळ ती माझ्यासमोर असेल. तिची मान, तिचे हात, चालताना ती डावा खांदा अजून तसाच उडवते का, हे सगळं मला बघता येईल. बघायला बंदी नाही.

"बघितलेलं चालेल ना?"

मॅडमनी पेन टेबलावर ठेवलं. "चालेल."

"मग मी शब्द देते," मी म्हटलं. "थेंब सुकेपर्यंत बोलणार नाही."

जायच्या दिवशी ऊन वर आल्यावर आम्ही दोघं विहिरीवर गेलो. मॅडम आणि शबाना जीपपाशी थांबल्या होत्या. मोटर होती, पण ह्यांनी पोहरा सोडला. मी दोर धरायला गेले तर नको म्हणाले. मी फडकं दुहेरी घडी करून डब्याच्या तोंडावर धरलं, त्यांनी बारीक धार लावली. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही. हे त्यांना इतकं सफाईनं येत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. फडकं उलटं करून मी पोहऱ्यात विसळलं आणि ते पाणी विहिरीत सोडलं. मॅडमनी जवळ येऊन डब्याला सील लावलं आणि त्या पुढे गेल्या.

"तुम्ही चला की," मी म्हटलं. "नाव दोघांचं आहे."

ते पाण्यात बघत राहिले. "माझ्यानं गप्प राहवणार नाही. तिची बाग घालवीन मी." मग म्हणाले, "थेंब सुकला की मग बोलशील ना?"

"हो."

"पहिलं हे सांग, की पाणी तुझे आप्पा शेंदतात म्हणावं."

"सांगते."

मी चार पावलं गेले असेन. मागून हाक आली.

"अगं, नको. आधी तिचं ऐकून घे. तिला लई बोलायचं असंल."

मी मान डोलावली. ते काठावरच उभे राहिले, दोर गुंडाळत. गुंडाळून झालेला दोर त्यांनी सोडला आणि पुन्हा गुंडाळायला घेतला.

जीप निघाली. बस्तीवरून जाताना मी आतूनच हात जोडले, णमोकार मंत्र म्हटला. गावाची वेस आली. अट बागेत पाय ठेवल्यापासून होती, पण मी स्वतःला ओळखते. तिला पाहिल्यावर ओठ मिटायला गेले असते तर ते मिटलेच नसते. म्हणून तिथं वेशीवरच मौन धरलं.

शबानाला ते कळायला थोडा वेळ लागला. तिनं उसाच्या गुऱ्हाळाबद्दल काहीतरी विचारलं, मग चहाचं विचारलं. मी नुसती मान हलवली.

"काकू! आत्तापासूनच? अजून अर्धा दिवस रस्ता आहे ओ. वाटेत तरी बोला, मी काय कुणाला सांगणार नाही."

मॅडमनी पुढच्या सीटवरून मागे वळून पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

येरळा नदीवरचा पूल गेला. बागा मागे पडल्या, माळ लागला. मग शबानानं माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "इतक्या वर्षांनी ओळखाल ना तिला?"

उत्तर ओठांपर्यंत आलं होतं. ते मी आतच ठेवलं, आणि डबा मांडीवर सरळ धरून बसले.